टॅब, इंटरफेस आणि चार्जर एकत्र लावताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मिरजेत एका घरगुती बैठकीला टॅबवरच्या अॅपचा तानपुरा मी ऑडिओ इंटरफेसमधून (टॅबला माइक आणि स्पीकर जोडून देणारी पेटी) स्पीकरला दिला होता. गायिकेची पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर सा. पहिला अर्धा तास झकास गेला. बॅटरी तीस टक्क्यांवर आली म्हणून चार्जर लावला. थोड्याच वेळात ताई आलापातच माझ्याकडे बघायला लागल्या. हळूच म्हणाल्या, "दादा, तानपुरा हलतोय."

तानपुरा जागेवरच होता, पण चार्जर लावल्यापासून लाइनमध्ये बारीक घरघर शिरली होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिची घरघर ५० वर आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० वर उमटते. पांढरी पाचचा खर्ज ९८ हर्ट्झवर आणि मधला सा १९६ वर. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन लाटा येतात, म्हणजे आवाज दोनदा चढतो-उतरतो; १९६ आणि २०० ला चार. श्रोत्यांना एवढंच वाटतं की आवाज जरा गढूळ आहे. गाणाऱ्याला मात्र सा सापडत नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत जवारी (तारेचा झंकार) लावताना कारागीर घोडीवरचं सूत केसभर पुढं-मागं करत किती वेळ बसतात, ते मी लहानपणापासून पाहतोय. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते अशाच कानांमुळे. त्याच गावात तानपुऱ्याखाली चार्जरची घरघर चालवून घेणं मला पटत नाही.

म्हणून पहिली चूक हीच: घरघर ऐकली की इंटरफेसला किंवा माइकला दोष देणं. आधी चार्जर काढून बघा. आवाज स्वच्छ झाला तर इंटरफेस चांगला आहे, गडबड विजेच्या वाटेत आहे. टॅबचा चार्जर खिडकीजवळच्या बोर्डावर आणि अॅम्प्लिफायर मांडववाल्याच्या बोर्डावर असेल, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहायला लागतो. टू-पिन चार्जरला तर अर्थिंगच नसतं. त्याची बारीक गळती टॅब, इंटरफेस, केबल अशी वाट काढत अॅम्प्लिफायरपर्यंत जाते. टॅबच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरवताना झिणझिण्या आल्यासारखं वाटतं, ती हीच गळती.

उपाय असा. सगळी उपकरणं एकाच थ्री-पिन एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. इंटरफेसपासून मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरा, म्हणजे जिच्या जॅकवर दोन काळ्या रिंगा असतात ती. तरीही घरघर राहिली तर मध्ये डीआय बॉक्स (दोन उपकरणांमध्ये लावायची छोटी पेटी) टाकून त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारं, बटण दाबा. अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. घरघर जाते, पण उपकरणात बिघाड झाला तर गाणाऱ्याच्या ओठाला माइकचा शॉक बसू शकतो. गणपतीच्या मांडवात तोडलेल्या पिना मी पुष्कळ पाहिल्यात आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

दुसरी चूक: चुकीचा जोड घेणं. टॅबला पोर्ट एकच, त्यातूनच वीज आत यायची आणि आवाजाचा डेटा ये-जा करायचा. बाजारात 'हेडफोन आणि चार्जिंग' असा दुहेरी जोड स्वस्तात मिळतो. तो इअरफोनपुरता असतो, त्यात इंटरफेस चालत नाही. टाइप-सी टॅबला पीडी (पॉवर डिलिव्हरी) पास-थ्रू असलेला हब लागतो, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा आणि चार्जरची वीजही टॅबला जाऊ देणारा जोड. जुन्या लाइटनिंगच्या आयपॅडला अॅपलचा कॅमेरा अॅडॉप्टर घ्यायचा, पण यूएसबी ३ चा, ज्याच्या बाजूला चार्जिंगचं वेगळं छिद्र असतं तो. अँड्रॉइडचं जरा किचकट आहे. इंटरफेस लावल्यावर टॅब यजमान होतो, म्हणजे वीज देणारा. बरेच स्वस्त टॅब एकदा यजमान झाले की वीज घेतच नाहीत, हब कितीही भारी असो. म्हणून हब विकत घेण्याआधी दुकानातच स्वतःचा टॅब आणि इंटरफेस लावून बघा.

तिसरी चूक: फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसकडून माइकला जाणारी वीज, विसरणं. साध्या यूएसबी २ पोर्टवर ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ वर ९००. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचं बटण दाबलं की इंटरफेस जास्त करंट ओढतो. नेमका त्याच क्षणी तो बंद पडला, किंवा या उपकरणाला फार पॉवर लागते असा संदेश आयपॅडवर आला, तर इंटरफेसला वीज कमी पडतेय हे समजा. स्वतःच्या अॅडॉप्टरवर चालणारा हब लावला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. पीडी हबला फोनचा जुना ५ व्होल्टचा चार्जर लावू नका. हब स्वतःही थोडी वीज खातो, मग टॅबपर्यंत काही पोचत नाही. फक्त चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या ताराच नसतात, तीही एकदा तपासा.

चौथी चूक: कार्यक्रम चालू असताना चार्जर लावणं किंवा काढणं. हबला चार्जर जोडला किंवा काढला की टॅब आणि हब विजेची देवाणघेवाण नव्यानं ठरवतात. त्या क्षणभरात इंटरफेस तुटून परत जोडला जातो आणि तानपुरा कचकन थांबतो. क्रम ठरलेला ठेवा: आधी हबला चार्जर, मग हब टॅबला, मग इंटरफेस, शेवटी अॅप. घरघरीची शंका असेल तिथं भिंतीच्या सॉकेटऐवजी पीडीची पॉवर बँक याच क्रमात लावा. अर्थिंगचा संबंधच संपतो. फक्त ती मध्येच झोपी जात नाही ना, हे घरी तासभर चालवून बघा. करंट कमी ओढला गेला की काही पॉवर बँका आपोआप बंद होतात.

उन्हाळ्यात आणखी एक होतं. अॅपलनं आयपॅड वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलंय आणि सांगलीचा एप्रिल-मे त्याच्या वरच असतो. टॅब जाड कव्हरमध्ये, उन्हात आणि वर चार्जिंगला असेल तर तो चार्जिंग थांबवतो. कव्हर काढा आणि सावलीत ठेवा.

त्या दिवशी पॉवर बँक जवळ नव्हती. चार्जर काढायलाही बंदिश संपेपर्यंत थांबावं लागलं. ताई पाणी प्यायला थांबल्या तेवढ्यात चार्जर काढला, तानपुरा पुन्हा सुरू केला, एअरप्लेन मोड लावला, स्क्रीनचा उजेड तळाला नेला. ताईंनी डोळे मिटून सा लावला आणि मान हलवली. भैरवी संपली तेव्हा बॅटरी अकरा टक्के होती.