देठाच्या चकतीवर किती विसंबावे? क्रिनॉइडच्या नव्या अभ्यासकांसाठी

क्रिनॉइड हे तारामासा आणि समुद्रकाकडी यांच्या संघातले कंटकचर्मी प्राणी आहेत आणि त्यांचे जीवाश्म ऑर्डोव्हिशियन कालखंडापासून मिळतात, एवढे आपल्याला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. त्यांचा देठ एकावर एक रचलेल्या चकत्यांचा बनलेला असतो. नव्या अभ्यासकाच्या हाती प्रथम पडतात त्या या देठाच्या सुट्या चकत्या, आणि मी सर्वांत जास्त काळ अडकून राहिलो तो तिथेच.

प्राणी मेल्यावर सांगाड्याचे तुकडे बांधून ठेवणारे तंतू लवकर कुजतात आणि सांगाडा विखुरतो. त्यामुळे कार्बोनिफेरस कालखंडातल्या काही चुनखडकांत चकत्यांचा खच पडलेला असतो, अखंड पेला (देठाच्या टोकावरचा, पट्ट्यांनी बनलेला शरीराचा भाग) मात्र क्वचितच सापडतो. प्रत्येक चकती कॅल्साइटच्या एकाच स्फटिकासारखी वागत असल्याने तिचा ताजा भंग सपाट आणि चकचकीत दिसतो. तेवढ्यावरून कंटकचर्मीचा तुकडा ओळखता येतो. जातीचे नाव मात्र सांगता येत नाही. एकाच देठावर पेल्याजवळच्या चकत्या पातळ, खालच्या जाड, आणि अनेक प्रकारांत तंतुधारी चकत्या (ज्यांच्या बाजूंना बारीक फांद्यांसारखे अवयव फुटतात त्या) मधल्या चकत्यांहून मोठ्या असतात, म्हणजे एकाच प्राण्यापासून कागदावर सहज चार-पाच जाती तयार होतात. उलट, एकमेकांपासून दूरच्या गटांतही मध्यभागी गोल छिद्र असलेली तशीच गोल चकती आढळते. पर्मियन कालखंडाच्या अखेरीस नामशेष झालेल्या ब्लास्टॉइड या दुसऱ्या कंटकचर्मी गटालाही देठ होता, त्यामुळे चकती क्रिनॉइडचीच आहे हेसुद्धा गृहीत धरू नका. एका प्राण्याच्या देठात शेकडो चकत्या असू शकतात, म्हणून चकत्यांची संख्या ही प्राण्यांची संख्या नव्हे. सुट्या चकत्यांना स्वतंत्र नावे देण्याची पद्धत आहे आणि थरांची तुलना करताना ती उपयोगी पडते, परंतु त्या नावांना वंशावळ समजू नये.

हे वाचून धीर सोडू नका. आयसोक्रिनिड गटाच्या पाकळ्यांच्या नक्षीच्या ताराकृती चकत्या गटापर्यंत तरी नेऊन पोहोचवतात. त्यापुढचे उत्तर पेल्यात असते. अर पट्ट्यांच्या (ज्यांवर बाहू जोडलेले असतात त्या पट्ट्यांच्या) खाली पट्ट्यांचे एक कडे आहे की दोन, हे पाहा. सर्वांत खालचे कडे कधीकधी देठाच्या वरच्या चकतीखाली पूर्ण झाकलेले असते, त्यामुळे देठ चिकटलेल्या नमुन्यावर ‘एकच कडे’ असा शेरा घाईने लिहू नये. गुदद्वाराच्या बाजूच्या जादा पट्ट्या पंचकोनी सममिती मोडतात, म्हणून पेला पाचही बाजूंनी फिरवून प्रत्येक पट्टीचे रेखाचित्र स्वतः काढावे. छायाचित्रावरून नाव सुचवणाऱ्या साधनांवर माझा विश्वास नाही, कारण झाकलेले कडे छायाचित्रात येतच नाही. लेबल लावलेले सुंदर नमुने हाती देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा तुकड्यांनी भरलेला ट्रे समोर ठेवून ‘यातले काय ओळखता येणार नाही ते सांगा’ असे विचारणारा मार्गदर्शक मला अधिक मोलाचा वाटतो.

आम्लाला हात लावू नका. खडक चुन्याचा आणि जीवाश्मही कॅल्साइटचा असेल, तर आम्ल दोन्ही खाते. सिलिकाभूत नमुन्यांची, म्हणजे ज्यांत कॅल्साइटची जागा सिलिकाने घेतली आहे अशांची, गोष्ट वेगळी.

जिवंत प्राण्यांचा अभ्यास पुढच्या वर्षावर ढकलू नका. आज सुमारे सहाशे जाती हयात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य फेदर स्टार आहेत. ते बालवयात देठावर उभे असतात आणि पुढे तो सोडून देतात. म्हणजे ज्याला केवळ देठ कळतो, त्याला आजचे बहुतेक प्रौढ क्रिनॉइड कळतच नाहीत. देठधारी प्रकार मुख्यतः खोल पाण्यात राहतात. 1864 मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ खोल समुद्रातून असा एक लहान प्रकार वर आला, तेव्हा जीवाश्मांतून परिचित असलेली शरीररचना जिवंत पाहायला मिळाली आणि खोल समुद्राच्या शोधमोहिमांना मोठी चालना मिळाली. देठधारी क्रिनॉइड बाहूंच्या आधाराने तळावर देठ ओढत सरकतात, याचीही चित्रफीत उपलब्ध आहे. ती पाहिल्यावर बाहूंचे सांधे आणि स्नायूंच्या खोबणी निराळ्या नजरेने दिसू लागतात. त्या खोबणी जीवाश्मातही टिकतात आणि साध्या भिंगाखाली शोधता येतात.