ट्रफल वळायला बसण्यापूर्वी

ट्रफल म्हणजे चॉकलेट-क्रीमचे मऊ गोळे. सगळ्यात आधी चॉकलेटचं पाकीट उलटं करून घटक वाचा. कोको बटर असेल तर ते कामाचं. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं तर ते कंपाउंड. त्याचेही ट्रफल वळता येतात, पण जिभेवर विरघळण्याऐवजी टाळूला मेणासारखे चिकटतात.

साधारण 24 ट्रफलसाठी 55 टक्के कोको असलेलं डार्क चॉकलेट 200 ग्रॅम, क्रीम 90 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 20 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ काढून ठेवा. वाटीच्या मापावर जाऊ नका, वजनकाटा हवाच. मिल्क चॉकलेट असेल तर क्रीम 70 ग्रॅमवर आणा, पांढरं असेल तर 60 वर. त्यांत कोको कमी, म्हणून मिश्रण सैल राहतं. टेट्रापॅकमधलं 25 टक्के फॅटचं क्रीम चालतं, फक्त त्यात पाणी जास्त असतं. 90 ग्रॅमचा आकडा तेवढ्यासाठीच, नाहीतर सरळ 100 घेतलं असतं. घरची साय मात्र नको. तापवली की तूप सुटतं. केकवर फेटून लावायचं गोड नॉन-डेअरी क्रीमही बाजूलाच ठेवा.

भांडी, चमचा, कलथा, सुरी सगळं कोरडं ठणठणीत पुसा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात आणि वाळूसारखा गोळा होतो. गंमत अशी की क्रीममधल्या भरपूर पाण्याने हे होत नाही, कारण तिथे साखर विरघळण्याइतकं पाणी असतं.

चॉकलेट बारीक चिरा, मोठे तुकडे ठेवलेत तर क्रीम गार होतं आणि गुठळ्या राहतात. क्रीमच्या कडेला बुडबुडे आले की गॅस बंद करायचा, खळखळून उकळायचं नाही. ते चॉकलेटवर ओतून 2 मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर सावकाश ढवळा. मिश्रण कोमटावर, 35 ते 40 अंशांवर आलं की बटर. फार गरम असताना टाकलं तर तूप वेगळं होऊन वर तरंगतं. असं गनाश, म्हणजे हे चॉकलेट-क्रीमचं मिश्रण, फाटलं तर फेकू नका. एक चमचा कोमट दूध घालून मधोमध जोरात ढवळा, बहुतेक वेळा परत जुळून येतं.

हे काम आदल्या रात्री उरकावं. उथळ ताटात पसरून वर प्लास्टिकची फिल्म अगदी चिकटवून फ्रीजमध्ये ठेवा. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यातल्या मुंबईच्या स्वयंपाकघरात ते आपोआप आटोक्याबाहेर जातं. वळायला एसीची खोली किंवा पहाटेची वेळ पाहा. फ्रीजमधून काढल्यावर 10 मिनिटं थांबा, चमच्याने 12-13 ग्रॅमचे गोळे आधी सगळे मोजून घ्या, मगच वळा. लाडवासारखं दाबून घट्ट करायची सवय इथे आवरा. तळहाताची ऊब जितकी कमी तितकं बरं. हात चिकट झाले की गार पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा.

बाहेरून घोळायला बिनसाखरेची कोको पावडर 40 ग्रॅम पुरते, ती चाळून घ्या. कडक कवच हवं असेल तर आणखी 150 ग्रॅम चॉकलेट आणि थर्मामीटर लागेल: 100 ग्रॅम 45 अंशांपर्यंत वितळवा, उरलेलं बारीक चिरून थोडंथोडं घालत 28 पर्यंत उतरवा, मग 31-32 वर आणून गोळे बुडवा. एवढी खटपट नको असेल तर कवचापुरतं कंपाउंड वापरा, टेम्परिंग, म्हणजे तापमान असं चढवणं-उतरवणं, लागत नाही. चव थोडी उतरते.

झाकण घट्ट बसणारा डबा आधीच रिकामा करून ठेवा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. खायला काढताना डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेर असू द्या, नाहीतर दमट हवेने ट्रफलना घाम सुटतो आणि कोकोचे काळे डाग पडतात.