ग्रँट मिळाली आणि डॉलर पडला

नैरोबी, कंपाला, दार-ए-सलामकडची मराठी पोरं अधूनमधून मेसेज करतात, ताई तुम्हाला ग्रँट (धंद्यासाठी मिळणारे, परत न करायचे पैसे) कशी मिळाली, आम्हीपण फॉर्म भरतोय. तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते. मी किसुमूची, म्हणजे केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठचं शहर. बाबा सांगलीहून इथल्या साखर कारखान्यात आले आणि इथलेच झाले, माझा पासपोर्ट केनियाचा. हे आधी सांगायचं कारण म्हणजे वर्क परमिटवर दोन वर्षांसाठी आलेल्यांनी उगाच हुरळून जाऊ नका. बऱ्याच ग्रँटना आफ्रिकेतल्या देशाचं नागरिकत्व लागतं, काही ठिकाणी कायदेशीर रहिवासी चालतो. अट पहिल्या पानावरच असते, वाचा जरा.

कुठल्या ग्रँट आहेत ते तुम्हाला माहितीच असेल. टोनी एलुमेलू फाउंडेशनचे ५,००० डॉलर, ५४ देशांना खुले, २०१५ पासून चालू, फॉर्म साधारण १ जानेवारी ते १ मार्च. वय १५ ते २२ असेल तर अंझिशा (तरुण उद्योजकांचं बक्षीस) चालू आहे का बघा, पण धंदा आधीच चालू हवा. आफ्रिकाज बिझनेस हीरोजमध्ये दहा जणांत मिळून १५ लाख डॉलर वाटतात, ती मात्र पाय रोवलेल्यांची स्पर्धा आहे, पहिल्या वर्षी तिकडे धावू नका. आम्हाला मिळाली ती यातली नव्हती, लहान होती, ६,००० डॉलरची, नाव घेत नाही.

धंदा ओमेनाचा. व्हिक्टोरिया सरोवरातला बोटाएवढा चंदेरी मासा, आपल्या सुक्या मांदेलीचा चुलतभाऊ म्हणा. रात्री दिवे लावून पकडतात, सकाळी बायका किनाऱ्यावर जाळ्यांवर नाहीतर सरळ वाळूत पसरून वाळवतात. मार्च ते मे मोठा पाऊस, त्यात माल भिजला की ताटात जायच्या ऐवजी कोंबडीखाद्यात जातो आणि भाव कोसळतो. मी आणि माझी शाळेतली मैत्रीण, ती इथल्या लुओ समाजाची, तिची आई हेच विकायची, आम्ही दोघींनी उंच रॅक आणि वर प्लॅस्टिकचं छप्पर असे सोलर ड्रायर बनवून बायकांना भाड्याने द्यायचं ठरवलं. भाडं गोरोगोरोमागे, म्हणजे तो दोन किलोचा पत्र्याचा डबा, इथे बाजारात सगळं त्यानेच मोजतात.

पहिल्या वर्षी फॉर्म नापास झाला आणि बरंच झालं. आम्ही एवढं रडगाणं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला वाटलं असणार या दोघींना दान पाहिजे. समाजासाठीचा धंदा असला तरी तो धंदाच आहे हो, कोण पैसे देणार आणि का देणार ते लिहा. दुसऱ्या वर्षी आम्ही तीन आठवडे बीचवर बसून कुणाचा किती माल भिजला ते वहीत लिहिलं आणि तीच वही फॉर्ममध्ये उतरवली. बास. कुणालाही टक्केवारी देऊन फॉर्म लिहून घेऊ नका, इंटरव्ह्यूला तो माणूस तुमच्या जागी बसणार नाहीये. आणि फॉर्मची फी मागणारा व्हॉट्सॅप मेसेज आला तर डिलीट, विचार करायचा नाही.

आता खरी गोष्ट. ही सगळ्यांना वाटते तितकी सोपी नाही म्हणून सावकाश सांगते.

जानेवारी २०२४ मध्ये आम्हाला शेवटचं बजेट मागितलं. तेव्हा एका डॉलरला १६० शिलिंग मिळत होते आणि रोज वाढतच होते, सगळे म्हणायचे आता १७० होणार. आम्ही ६,००० गुणिले १६० केलं, ९,६०,००० शिलिंग, त्यात सहा ड्रायर बसतात, हप्ते दोन, झालं. सही केली. खुशीत फुंडीला ऑर्डर दिली (फुंडी म्हणजे कारागीर, आमचा वेल्डर; जुआ काली म्हणजे छोट्या कारागिरांच्या शेड, तो तिथे बसतो, पत्रा आणि अँगल तोच आणतो), आणि माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा, बीचवर जाऊन बायकांच्या ग्रुपला सांगून आले की मोठ्या पावसाच्या आत सहा ड्रायर उभे राहतील. त्यांनी त्यांच्या चामात, चामा म्हणजे आपली भिशीच, कुणाला कुठल्या दिवशी कुठला ड्रायर ते सुद्धा वाटून टाकलं.

मग फेब्रुवारीत केनियाने दीड अब्ज डॉलरचा नवा युरोबाँड विकला, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून डॉलरमध्ये कर्ज घेतलं. जूनमध्ये फेडायच्या दोन अब्जांच्या जुन्या कर्जाची जी भीती होती ती गेली, आणि शिलिंग असा वधारला की मार्च संपेपर्यंत डॉलर १३० च्या आसपास. रेडिओवर सगळे खूश. आमचा पहिला हप्ता, ३,००० डॉलर, एप्रिलमध्ये आला. बँकेने १२८ चा भाव दिला. यायला हवे होते ४,८०,०००, आले ३,८४,०००. शहाण्णव हजार शिलिंग हवेत, आणि यात कुणी काही खाल्लेलं नाही, कुणाची चूकही नाही. अँगल आणि पत्र्याचा भाव मात्र एक शिलिंगने उतरला नव्हता, दुकानदाराने माल महाग डॉलरने आणलेला होता ना.

पाऊस संपेपर्यंत सहाच्या जागी तीन उभे राहिले, चौथा दुसऱ्या हप्त्यात. त्याच पावसात ज्या बाईचा माल भिजला तिला तुम्ही युरोबाँड समजावून दाखवा. ग्रुपच्या चेअरलेडी मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, डॉलर तर स्वस्त झालाय, मग तुमचं सामान महाग कसं? मला उत्तर देता आलं नाही. दोन महिने मी त्या बीचवर एकटी गेले नाही, मैत्रीण जायची. अजून लिहिताना पोटात गोळा येतो.

म्हणून बजेट करताना आजचा भाव धरू नका. मागच्या वर्षभरात तुमच्या चलनात डॉलरला सगळ्यात कमी किती मिळाले ते बघा आणि त्याहीखाली दहा टक्के धरा. वर उरले तर उरले, जास्तीचे कुठे घालणार ते दोन ओळीत लिहून ठेवा. सही करायच्या आधी मेल करून विचारा की हिशोबाला कुठल्या तारखेचा भाव धरणार आणि कमी पडले तर नग कमी केलेले चालतील का, उत्तर लेखी घ्या. मी हे सही केल्यावर विचारलं आणि मग माझा मेल विनंतीअर्ज झाला. फुंडीला एकेका नगाची ऑर्डर द्या. आणि लोकांना आकडा सांगायचाच नाही, पैसे खात्यात येऊन शिलिंगमध्ये बदलेपर्यंत तोंड बंद.

उलटंही होतं. लागोसचा एक ओळखीचा, त्याची मंजुरी झाली तेव्हा डॉलरला ४६०-४७० नायरा (नायजेरियाचं चलन) होते, जून २०२३ मध्ये नायरा बाजारभावावर मोकळा सोडला आणि पुढच्या फेब्रुवारीत दीड हजाराच्या घरात. कागदावर गडी तिप्पट श्रीमंत. पण त्याला बॅटऱ्या लागायच्या, त्या बाहेरून यायच्या, सगळं तिथेच गेलं. तर तुमच्या खर्चातलं काय बाहेरून येतं आणि काय गावातलं, या दोन वेगळ्या याद्या करा.

पैसे येणार म्हणजे येणारच हेही डोक्यातून काढा. अमेरिकेचं यूएसएडीएफ नावाचं सरकारी फाउंडेशन १९८० च्या कायद्याने झालेलं, आफ्रिकेतल्या छोट्या उद्योगांना थेट ग्रँट देणारं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्पच्या आदेशाने त्यावर कुऱ्हाड आली. पुढच्या हप्त्यावर डोळे लावून बसलेल्यांचं काय झालं असेल विचार करा.

पावत्यांचं थोडक्यात. २०२४ पासून केनियात ईटिम्सवरची (करखात्याची इलेक्ट्रॉनिक पावती) पावती नसेल तर करात तो खर्च धरत नाहीत, आणि जुआ कालीतल्या फुंडीकडे कसली आलीय ईटिम्स. ग्रँटवाल्यांना काय चालेल ते आधीच विचारा, आम्ही फोटो, सही आणि एम-पेसाचा (इथलं मोबाइलवरून पैसे पाठवायचं साधन) मेसेज असं तिन्ही जोडायचो. धंद्याचा एम-पेसा टिल, म्हणजे दुकानाचा पैसे घ्यायचा नंबर, वेगळा काढा, स्वतःच्या नंबरवर घेतलेल्या पैशाचा हिशोब नंतर रात्र रात्र बसून लागत नाही.

मेंटरबद्दल माझं मत वाईट आहे, आधीच सांगते. आम्हाला दिलेले मेंटर फार छान बोलायचे, स्लाइडचे रंग बदलायला लावायचे, आयुष्यात एक डबा मासळी विकलेली नव्हती. चलनाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. कामाचा सल्ला दिला किबुये मार्केटमधल्या एका हार्डवेअरवाल्या काकांनी, तोही नंतर, की अगं दर पंधरा दिवसांनी कोटेशन नव्याने घ्यायचं असतं. पण मेंटर मिळाला तर नको म्हणू नका, ओळखीपाळखी होतात.

एवढं वाचून घाबरला असाल तर फॉर्म तरीही भरा. आमचे चार ड्रायर चालू आहेत, भाड्यातून प्लॅस्टिक बदलायचा खर्च निघतो. पाचवा चामाने स्वतःच्या पैशातून केला, त्याचं भाडं त्याच ठरवतात आणि आमच्यापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे गिऱ्हाईक आधी तिकडे जातं. सहाव्याचे अँगल फुंडीच्या शेडमध्ये गंजतायत. चेअरलेडी परत बोलायला लागल्या आहेत, फक्त मी दिसले की नमस्काराच्या आधी विचारतात, आज डॉलर कितीला?