चिप कंपन्यांची आर्थिक तब्येत कशी तपासावी: नफ्याआधी रोकड बघा

इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया यांचे निव्वळ नफ्याचे आकडे शेजारीशेजारी मांडून गुंतवणुकीचा निर्णय घ्यायचा, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा मार्ग. सुरुवात दुसरीकडून करा: कारखाना कोणाचा आहे?

इंटेलचे स्वतःचे कारखाने, म्हणजे फॅब, आहेत. एएमडीने २००९ मध्ये आपले फॅब वेगळे काढले आणि त्यातून ग्लोबलफाउंड्रीज ही वेगळी कंपनी उभी राहिली. एनव्हिडिया पहिल्यापासून फक्त डिझाइन करते. या दोघींच्या प्रमुख चिप तैवानची टीएसएमसी बनवते. त्यामुळे मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) आणि भांडवली खर्च (यंत्रं-इमारतींवरचा खर्च) बघताना इंटेलशेजारी टीएसएमसीचाही एक रकाना ठेवा, नाहीतर तुलना एकांगी होते.

मग अहवाल गोळा करा. अमेरिकी कंपन्यांचे ‘१०-के’ हे वार्षिक अहवाल तिथल्या बाजार नियामकाच्या एडगर संकेतस्थळावर फुकट मिळतात. वर्षाचं नाव मात्र जपून वाचा. एनव्हिडियाचं ‘आर्थिक वर्ष २०२५’ जानेवारी २०२५ मध्ये संपलं, म्हणजे ते बाकीच्यांच्या २०२४ समोर ठेवायचं.

आता मुख्य काम, कॅश फ्लोचं पान, म्हणजे रोकड कुठून आली आणि कुठे गेली याचा हिशेब. कामकाजातून आलेल्या रोकडीतून भांडवली खर्च वजा करा. इंटेलचं २०२३ घ्या. नफा सुमारे १.७ अब्ज डॉलर, म्हणजे वरवर ठीकच. पण कामकाजातून साधारण ११.५ अब्ज आले आणि यंत्रं-इमारतींवर २५.८ अब्ज गेले. खड्डा १४ अब्जांच्या वर. त्यात याच वर्षापासून कंपनीने यंत्रांचं आयुष्य ५ ऐवजी ८ वर्षं धरायला सुरुवात केली, म्हणजे दरवर्षीचा घसारा (यंत्राच्या किमतीचा त्या वर्षी खर्च धरलेला हिस्सा) कमी आणि नफा तेवढा जास्त. यात बेकायदेशीर काही नाही, अहवालात सगळं लिहिलेलं असतं. टीएसएमसी मात्र बहुतेक यंत्रांना ५ वर्षंच धरते. ही तळटीप न वाचता दोघींचं ग्रॉस मार्जिन (विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा जाता उरणारा टक्का) ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही. पुढच्याच वर्षी इंटेलला सुमारे १८.८ अब्जांचा तोटा झाला आणि लाभांशही थांबला. नफ्याचा आकडा सुखरूप दिसत असताना रोकडीचं पान आधीच बोलत होतं.

एएमडीचं गणित उलट्या बाजूने चुकतं. २०२२ मध्ये झायलिंक्स ही चिप कंपनी विकत घेतल्यापासून त्या व्यवहारातल्या अमूर्त मालमत्तेचा (तंत्रज्ञान, ग्राहकसंबंध वगैरेंच्या किमतीचा) मोठा भाग दरवर्षी खर्ची पडतो. म्हणून २०२३ चा नफा हिशेबी नियमांनुसार ०.८५ अब्ज, तर कंपनीच्या स्वतःच्या ‘समायोजित’ हिशेबाने ४.३ अब्ज. मी समायोजित आकडा आहे तसा घेत नाही. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्चही त्यातून वगळलेला असतो, आणि तो खर्च भागधारकाच्या खिशातूनच जातो.

यानंतर साठा. वर्षअखेरचा मालसाठा भागिले विक्रीचा खर्च, गुणिले ३६५: माल किती दिवस पडून आहे ते कळतं. जानेवारी २०२२ ला एनव्हिडियाचं उत्तर १०० च्या आसपास होतं, वर्षभरात ते १६० च्या वर गेलं. मधल्या काळात गेमिंगची मागणी आटली होती आणि कंपनीने साठ्यापोटी दोन अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम खर्ची टाकली. पण पुढच्या वर्षी एआयच्या लाटेत तिची विक्री दुपटीहून वाढली. वाढलेला साठा बघून लगेच पळू नका, तो कोणत्या मालाचा आहे ते शोधा.

कर्जासाठी एक ओळ पुरे: एकूण कर्ज वजा रोकड आणि अल्पमुदतीची गुंतवणूक. हातात रोकड उरत नसलेल्या कंपनीच्या बाबतीत हा आकडा दर तिमाहीला बघा. मोजक्याच ग्राहकांवर किती विक्री अवलंबून आहे, हेही अहवालात सापडतं.

पीई, म्हणजे शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा, सगळ्यात शेवटी. या धंद्यात तेजी-मंदीचं चक्र तीव्र असतं. तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो, त्यामुळे शेअर स्वस्त वाटतो; मंदीत नफा आटला की तोच महाग दिसतो. एका वर्षाच्या नफ्याऐवजी एक चढ आणि एक उतार धरून पाच-सात वर्षांची सरासरी घ्या आणि किंमत तिच्याशी ताडा.