रेझिनचा चिलखती सूट: जोडणी, फेरफार आणि रंगकाम

रेझिनच्या मॉडेल किटमध्ये (सुटे भाग जोडून, रंगवून छोटं मॉडेल उभं करायचा संच) प्लास्टिक किटसारखं काहीही आपोआप जुळत नाही. भाग एकमेकांत ‘टक्’ करून बसत नाहीत आणि सूचनांचा कागद बहुधा जपानीत, दोन-चार चित्रांत आटोपलेला असतो. कारण ही किटं पोलादी साच्यांतून निघत नाहीत. कुणीतरी मूळ नमुना हाताने घडवतो, त्यावर सिलिकॉनचा साचा घेतो आणि त्यात पातळ पॉलियुरेथेन, म्हणजेच हे रेझिन, ओततो. थोड्याच नगांनंतर साचा झिजू-फाटू लागतो, म्हणून ही ‘गॅरेज किटं’ मोजकी निघतात आणि महाग पडतात. जपानमध्ये चिबा शहरातल्या माकुहारी मेस्से प्रदर्शन केंद्रात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरणारा वंडर फेस्टिव्हल हा त्यांचा मोठा बाजार.

उदाहरणाला ‘माशिनेन क्रीगर’ या जपानी विज्ञानकथा-मालिकेतला १/२० मापाचा चिलखती सूट घेऊ. जपानी मॉडेलकार को योकोयामा यांनी ही दुनिया १९८२ मध्ये ‘हॉबी जपान’ मासिकात ‘एसएफ थ्रीडी’ या नावाने उभी केली. गोल पोटाचा, आखूड पायांचा, आत एक माणूस मावेल एवढा सूट. युद्ध २९व्या शतकातलं, पण तोंडवळा दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांचा: ओतीव पोलाद, वेल्डिंगच्या रेघा, खरवडलेला रंग. या मापात साडेपाच फुटांचा माणूस जेमतेम ८.४ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे मॉडेल तळहातावर मावतं. तरी बघणाऱ्याला ते जडशीळ वाटलं पाहिजे. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठी.

एक सल्ला आधीच. हवा तो सूट प्लास्टिकमध्ये मिळत असेल तर पहिला तोच घ्या. वेव्ह कंपनीची याच मापातली किटं चांगली आहेत. रेझिनकडे वळायचं ते प्लास्टिकमध्ये न मिळणाऱ्या सूटसाठी. आणि निम्म्या किमतीतली चोरटी नक्कल घेऊ नका. ओतीव भागावरून पुन्हा साचा घेतला की भाग किंचित आकसतात, कडा बोथट होतात, आणि मूळ शिल्पकाराच्या हाती दमडीही पडत नाही.

धुणं आणि कापणं

डबा उघडल्यावर सगळे भाग यादीशी ताडून पाहा. मग कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून जुन्या टूथब्रशने खळग्यांपर्यंत घासा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहिला तर त्यावर रंग टिकत नाही. मास्किंग टेप (रंगवताना भाग झाकायची चिकटपट्टी) ओढताच तो रंग सालासारखा निघून येतो.

ओतकामाचे जाड दांडे बारीक दातांच्या करवतीने, भागापासून थोडं अंतर ठेवून कापा आणि उरलेलं घासून काढा. कटरने तोडायला गेलात तर रेझिनचा टवका उडतो. घासताना वॉटर पेपर नेहमी ओला: आधी २४० किंवा ४०० नंबरचा, शेवटी ८००. रेझिनची भुकटी फुप्फुसात जाऊ द्यायची नाही, म्हणून एन९५ मास्क लावा आणि ओला गाळ सुकण्याआधी पुसून टाका.

वाकडा झालेला भाग गरम पाण्यात मिनिटभर ठेवला की मऊ पडतो. हलक्या हाताने सरळ करा आणि त्याच स्थितीत गार पाण्यात बुडवा. बुडबुड्यांची बारीक छिद्रं फेविक्विकने बुजतात. मोठ्या खड्ड्यात खाण्याचा सोडा दाबून वर फेविक्विकचा थेंब सोडा. हे मिश्रण नंतर रेझिनपेक्षाही कडक होतं, तेव्हा लगेच घासून घ्या. उद्यावर टाकलंत तर उंचवटा तसाच राहतो आणि आजूबाजूचं रेझिन झिजतं.

उभं राहण्याची ढब

प्लास्टिक किटचा सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) रेझिनवर चालत नाही. इथे फेविक्विकच्या जातीचा गोंद किंवा दोन भागांचा इपॉक्सी लागतो. पण गोंद काढण्याआधी सगळे भाग ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या मऊ, चिकट गोळ्याने) जोडून पोझ ठरवा. किटमधली पोझ बहुधा ताठ असते. एका पायावर भार, कंबर त्या बाजूला थोडी कललेली, दुसरा गुडघा किंचित दुमडलेला, एवढ्याने यंत्र जिवंत होतं. समोरून पाहताना भाराचा पाय पोटाच्या मध्याखाली यायला हवा. तो बाजूला गेला तर रंग कितीही सुरेख असो, सूट पोकळ खेळणंच दिसतो.

पोझसाठी गुडघा किंवा कोपर कापायला घाबरू नका. सांध्याची रेझिन घडी करवतीने काढून टाका, दोन्ही तोंडांत पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) भोकं पाडा आणि मधे तार घाला. हातांना एक मिलिमीटरची पितळी तार पुरते. घोट्याला मात्र पोलादच हवं, कारण भाराखाली रेझिन महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतं आणि उन्हाळ्यात जास्तच. सायकलचा जुना स्पोक साधारण दोन मिलिमीटरचा असतो, तो कापून टाचेतून खाली सेंटिमीटरभर बाहेर ठेवा.

आता या सूटमधलं सगळ्यात मजेचं काम. सांध्यांवर कापडी-रबरी आवरण असतं. पोझ बदलली की ते आपल्यालाच नव्याने घडवावं लागतं. तारेभोवती आधी एम-सीलचा गाभा करा, तो खरखरीत असला तरी आत चालतो. वरचा थर मॉडेलसाठीच्या बारीक इपॉक्सी पुटीचा. बोटं आणि हत्यार पाण्याने ओलं ठेवा, नाहीतर पुटी चिकटून ओढली जाते. घड्या कुठे पडतात ते स्वतःच्या जाड जॅकेटच्या कोपरावर बघा: आतल्या बाजूला कापड दाबलं जाऊन दाट वळ्या, बाहेरून ताणलेलं आणि जवळपास सपाट. सगळीकडे सारख्या अंतरावर रेघा ओढल्या की हमखास व्हॅक्यूम क्लीनरची नळी होते. भाराच्या पायाच्या गुडघ्यावर वळ्या खाली जास्त साचवा. रात्रभर वाळू द्या.

चिलखताला ओतीव पोलादाचा पोत द्यायचा तर घट्ट सरफेसर (दाट प्रायमर) जुन्या, केस कापलेल्या ब्रशने टेकवत जा आणि अर्धवट वाळल्यावर हलकं घासा. वेल्डिंगची रेघ म्हणजे पुटीची बारीक वात, ओली असतानाच सुरीच्या टोकाने टोचलेली. केबलसाठी सोल्डरिंग वायर उत्तम, वाकवाल तशी राहते. वेढ्यावेढ्यांची नळी हवी असेल तर गिटारची जाड तार.

रंग

आधी रेझिनवर पकडणारा प्रायमर. करडा थर चढला की राहिलेली छिद्रं आणि ओरखडे दिसतात. ते बुजवून पुन्हा प्रायमर मारा. ही फेरी टाळू नका. स्प्रे आणि लॅकर (थिनरमध्ये पातळ होणारा रंग) गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी वापरा. एन९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. तिच्यासाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात लॅकर मारला तर हवेतला दमटपणा धरून थर पांढुरका पडतो, तेव्हा उघडीप बघा.

योकोयामा स्वतः हे सूट ब्रशने रंगवण्यासाठी ओळखले जातात, त्यामुळे एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) नाही म्हणून अडायचं कारण नाही. नवशिक्याने ॲक्रिलिक घ्यावा. आधी सर्वांगाला गडद तपकिरी थर द्या. त्यावर मूळ रंग पातळ करून, तुकड्यातुकड्यांत, ब्रशची दिशा बदलत लावा. खाचांत तपकिरी राहू द्या. दुसऱ्या फेरीत त्याच रंगात थोडा पांढरा किंवा पिवळा मिसळून वरच्या बाजूंना लावा. एकसारखा सपाट रंग छोट्या वस्तूला छोटंच दाखवतो.

डेकलच्या (चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) जागी आधी चकचकीत वार्निश लावा, नाहीतर त्यांची पारदर्शक कडा चंदेरी दिसते. मग सगळ्यावर वार्निशचा थर. तो पूर्ण वाळल्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त खाचांत आणि बोल्टभोवती सोडा.

खरवडे, म्हणजे रंग उडाल्याच्या खुणा, स्पंजच्या तुकड्याने उमटवा, पण प्रत्येक खरवड्याला कारण हवं: गुडघ्याचं टोक, पायाची पुढची कड, पायलट चढताना हात टेकतो ती झडपेची कड. पाठीच्या मधोमध कुणाचा धक्का लागणार? माझ्या मते बहुतेक मॉडेलं इथेच बिघडतात. तुमचा सूट ‘फायरबॉल’सारखा अवकाशातला असेल तर गंज आणि चिखल विसरा, चंद्रावर ना हवा ना पाणी. तिथे फक्त घोट्यापर्यंत करडी धूळ.

शेवटी मॅट वार्निश, आणि तो वाळल्यावर काचेच्या भिंगांवर चकचकीत वार्निशचा एकेक थेंब. लाकडी बेसला स्पोकसाठी भोक पाडून वर पुटीची जमीन पसरा, ती ओली असतानाच टाचेतून आलेला स्पोक आरपार घालून पाय दाबा, म्हणजे तळवा दोन मिलिमीटर तरी जमिनीत रुतेल आणि कडेने माती वर येईल. खालून इपॉक्सी भरून स्पोक पक्का करा. ठेवायला जागा थेट ऊन न येणारी निवडा.