पापणी उचलायच्या ऑपरेशननंतर या चुका टाळा

पडलेली पापणी वर घेतली की काम झालं, असं समजून पेशंट घरी जातात. पण वर घेतलेली पापणी सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, झोपेत पुरती मिटत नाही. फट राहते, बुबुळ सुकतं. म्हणून रात्रीचं मलम असतं, आणि तेच सगळ्यात आधी बंद केलं जातं. डोळ्यांच्या विभागात हे बघून बघून जीव मेटाकुटीला येतो.

कागलकडचे एक आबा. ऑपरेशन झकास झालं. मलमानं धूसर दिसतं म्हणून त्यांनी ते सोडलं आणि थेट गुऱ्हाळावर जाऊन बसले. चुलवाणाचा धूर, चिपाडाची राख, आणि रात्री डोळ्याला फट. आले तेव्हा डोळा लालभडक, उजेड सोसवेना. रंगाचा थेंब घालून बघितलं तर बुबुळाच्या खालच्या भागात जखम.

"आबा, मलम घालत होता न्हवं?"

"चिकचिक हुतंय पोरी, ठेवलं बाजूला."

त्यात लाली जावी म्हणून मेडिकलातून स्टिरॉइडचे थेंब आणून घातलेले. अशा जखमेवर स्टिरॉइड म्हणजे जंतूंना रान मोकळं. जखम भरली, पण पांढरा डाग कायमचा राहिला. चिठ्ठीशिवाय डोळ्यात काहीही घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मलमानं धूसर दिसणारच, म्हणून तर ते झोपताना घालायचं, दिवसा डोळा ओला ठेवणारे थेंब. मी घरच्यांना एकच काम लावते: पेशंट झोपला की पापण्यांच्या फटीतून डोळ्याचं पांढरं दिसतंय का बघा, आणि सकाळी डोळा खुपत असेल तर लगेच दाखवायला आणा. लहान मुलाचं आईनं रोज बघायचं.

दुसरी चूक घाईची. चौथ्या दिवशी आरसा घेऊन 'एक डोळा बारीक राहिला' म्हणून रडू नका. सूज उतरायला दोन-तीन आठवडे जातात. एक पापणी वर घेतल्यावर कधीकधी दुसरी थोडी खाली येते, कारण मेंदू दोन्हींना सारखाच जोर पुरवतो. लग्न तोंडावर आलंय म्हणून ऑपरेशन उरकणं मला अजिबात पटत नाही.

बर्फ कापडात गुंडाळूनच शेका. रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, पण चालू आहेत हे आधी सांगा.

अचानक जोराची कळ आली, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, नजर कमी झाली, तर आत रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघायची नाही. चंदगड, आजऱ्यासारख्या लांबच्या भागातल्यांनी रात्री गाडी कोण काढणार हे ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवावं.