टेबलावरच्या लढाईसाठी सैनिकांचे माप कसे निवडावे

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला की पहारेकरी बहुधा दरवाज्याहून उंच निघतो आणि पायथ्याची गवळण बुरुजाच्या खांद्याला लागते. किल्ला केवळ पाहायचा असल्यामुळे त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. टेबलावरच्या युद्धखेळात मात्र सैनिक किती सरकला, त्याची गोळी कुठवर पोहोचली आणि तो भिंतीआड लपला की नाही, हे फूटपट्टीने मोजून ठरते. त्यामुळे मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती, कोणत्या मापाची घ्यायची याचा निर्णय पहिल्या खरेदीच्या आधीच करावा लागतो.

डब्यावरच्या आकड्याचा अर्थ आधी समजून घ्यावा. २८ मिमी, १५ मिमी, ६ मिमी हे आकडे सैनिकाची उंची सांगतात. परंतु ती कुठपर्यंत मोजायची यावर उत्पादकांचे एकमत नाही. पगडी किंवा शिरस्त्राण घातलेल्या सैनिकाच्या डोक्याचे टोक नेमके सापडत नाही, म्हणून काही जण तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, तर काही जण अंदाजाने माथ्यापर्यंत. १७० सेंमी उंचीच्या माणसाचे डोळे सुमारे १५९ सेंमीवर असतात असे धरले, तर पहिल्या पद्धतीने २८ मिमीचे प्रमाण जवळपास १/५७ येते आणि दुसऱ्या पद्धतीने १/६१. त्यातच ‘हिरोइक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिनिएचरमध्ये डोके, पंजे आणि शस्त्रे मुद्दाम जाड घडवलेली असतात, जेणेकरून ती दोन-तीन फुटांवरूनही ओळखू यावीत. परिणामी दोन उत्पादकांचे ‘२८ मिमी’ सैनिक एकाच रांगेत उभे केले, तर एक दुसऱ्याचा काका वाटण्याची शक्यता असते. रणगाडे आणि विमाने यांची मापे मात्र अपूर्णांकात दिलेली असतात आणि ती अधिक भरवशाची असतात. उदाहरणार्थ, १/७२ मध्ये सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो.

आता मुख्य प्रश्न, जो माझ्या मते मिनिएचरच्या देखणेपणाआधी विचारायला हवा: या खेळात आपण कोण असणार आहोत? दहा-बारा शिपायांचे नाईक, एखाद्या तुकडीचे कप्तान, की संपूर्ण फौजेचे सेनापती? मोजक्या माणसांच्या चकमकीत प्रत्येक सैनिक स्वतंत्र पात्र असतो, त्याच्या हातात नेमके कोणते शस्त्र आहे हे दिसावे लागते, आणि तिथे २८ मिमीला तोड नाही. सेनापती व्हायचे असेल, तर हिशेब पूर्णपणे बदलतो.

यासाठी २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली असईची लढाई घेऊ. आजच्या जालना जिल्ह्यात, कैलना आणि जुई या नद्यांच्या मधल्या जमिनीवर शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीची सुमारे ९,५०० माणसांची फौज समोरासमोर आली. यातली ६०० शिपायांची एक पलटण दोन रांगांत उभी आहे आणि प्रत्येक शिपायाला सुमारे ५५ सेंमी जागा लागते असे समजू. पलटणीची रुंदी १६५ मीटर होईल. २८ मिमीसाठी सर्रास धरल्या जाणाऱ्या १/५६ प्रमाणात ही रुंदी जवळजवळ तीन मीटर भरते, म्हणजे ६ फूट × ४ फुटांच्या नेहमीच्या टेबलावर एक पलटणसुद्धा मावत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर त्या टेबलाची सहा फुटांची बाजू १/५६ मध्ये केवळ १०२ मीटर जमीन दाखवते. त्या काळच्या बंदुकीचा परिणामकारक पल्लाच जेमतेम तेवढा होता. ६ मिमी, म्हणजे १/३०० प्रमाण घेतले तरी पलटण ५५ सेंमी रुंद होते आणि सगळी फौज मांडणे अशक्यच राहते.

म्हणून मोठ्या लढायांचे बहुतेक नियम जमिनीचे प्रमाण सैनिकाच्या प्रमाणापासून वेगळे ठेवतात आणि एक मिनिएचर वीस, तीस किंवा त्याहून अधिक माणसांसाठी उभे आहे असे मानतात. जमिनीवरचा एक मीटर टेबलावर एक मिलिमीटर धरला, तर आपली पलटण साडेसोळा सेंमीची होते आणि सहा फुटांत १.८ किलोमीटर रणांगण बसते. हे जमले, तरी गावाची अडचण उरते: २८ मिमीला शोभणारी दोन घरे ठेवली की असई गावच नव्हे, तर शेजारची शेतेही व्यापली जातात. यावर जुना तोडगा असा, की घरे सैनिकांपेक्षा एक माप लहान घ्यावीत. डोळ्याला ते आश्चर्यकारकरीत्या खटकत नाही. असईसाठी मी स्वतः १० मिमी निवडेन. ६ मिमीमध्ये फौजेचा विस्तार अधिक चांगला दिसतो हे मान्य, परंतु कंपूतला (शिंद्यांच्या कवायती पायदळातला) शिपाई आणि वेलस्लीच्या फौजेतला स्कॉटिश हायलँडर हातभर अंतरावरून वेगळे ओळखू येणे मला महत्त्वाचे वाटते. शिवाय १० मिमीला एन गेज या छोट्या मापाच्या रेल्वे-मॉडेलची झाडे आणि घरे चालून जातात.

दुसऱ्या महायुद्धातील कंपनी-पातळीच्या खेळासाठी १५ मिमी सोयीचे आहे. ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ या खेळामध्ये रणगाडे १/१०० प्रमाणात असतात. ‘बोल्ट ॲक्शन’ हा खेळ मात्र २८ मिमी आणि १/५६ रणगाड्यांभोवती रचलेला आहे. १/७२ चे प्लॅस्टिक सैनिक सर्वांत स्वस्त पडतात. त्यांचे प्लॅस्टिक बहुधा मऊ असते आणि वाकले की रंगाचे पोपडे निघतात. त्यामुळे रंगवण्यापूर्वी ते साबणाच्या पाण्यात धुऊन, त्यावर प्रायमरचा थर द्यावा.

धातूची मिनिएचर परदेशातून मागवायची असल्यास वजनाचा विचार करावा, कारण वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्याच ठेवणीचा २८ मिमीचा सैनिक १५ मिमीच्या साडेसहा पट, तर ६ मिमीच्या सुमारे शंभर पट जड असतो, आणि टपालखर्चात हे लगेच जाणवते. घरी रेझिन प्रिंटर (द्रव रेझिनपासून वस्तू घडवणारा त्रिमितीय प्रिंटर) असेल तर २८ मिमीची फाइल ५४ टक्क्यांवर आणून १५ मिमीचा सैनिक छापता येतो. पण संगिनी, भाले आणि तलवारी त्याच प्रमाणात बारीक होऊन हात लागताच मोडतात. अशी शस्त्रे फाइलमध्येच जाड करावीत, किंवा नंतर पितळेची तार बसवावी.

बेसकडे, म्हणजे सैनिक ज्यावर चिकटवतात त्या चपट्या तळाकडे, नवखे लोक दुर्लक्ष करतात. पुष्कळ नियमांत अंतर आणि लढतीची रुंदी बेसवरून ठरते, सैनिकावरून नाही. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांच्या डीबीएसारख्या नियमांत १५ मिमीसाठी ४० मिमी आणि २८ मिमीसाठी ६० मिमी रुंदीचे बेस वापरतात. दोन्ही बाजूंचे बेस सारखे असले, की १५ मिमीच्या सैन्यासमोर १८ मिमीचे सैन्य उभे राहिले तरी खेळ अडत नाही. म्हणून ज्यांच्याबरोबर खेळायचे त्यांना मिनिएचरचे माप विचारावेच, पण त्याआधी बेसचे माप विचारावे.

आणि जवळपास असा कोणी खेळणारा नसेल, तर दोन्ही फौजा आपल्यालाच रंगवाव्या लागतील असे धरून सैनिकांची संख्या मोजावी. ठरवलेल्या मापाचे पाच-सहा सैनिक आधी आणून, मनाजोगे रंगवून, त्यांना लागलेला वेळ लिहून ठेवावा आणि त्याला दोन्ही फौजांच्या एकूण संख्येने गुणावे. उत्तर तीन वर्षांच्या रविवारांपेक्षा जास्त आले, तर एक माप खाली उतरावे.